सात कोकरांचे कान

न्हावरा मागे पडेपर्यंत सुमोत पुस्तकाचा विषय कुणी काढला नाही. उसाला तोड कधी मिळणार, पोरांच्या परीक्षा कशा गेल्या, पारगावच्या पुलावर यंदा पाणी किती, सगळं बोलून झालं. पुस्तक मात्र आजीच्या मांडीवरच्या पिशवीत होतं आणि पिशवीचे बंद आजीनं दोन्ही मुठींत धरले होते.

गाडी साहेबराव चालवत होते. आजीचा, म्हणजे सगुणाबाईंचा, हा थोरला मुलगा, सगळी वस्ती त्यांना आबा म्हणायची. बाजार समितीची निवडणूक वीस दिवसांवर आली होती आणि आबा उमेदवार होते, म्हणून रविवारी सकाळी सुद्धा अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा होता. मागे धाकटे संपत, त्यांची मुलगी सुषमा आणि आबांच्या बायको सोजरबाई दाटीवाटीनं बसले होते.

चौफुल्याला वळण घेताना आबांनी एकदाचं तोंड उघडलं.

"आये, एक सांगू का?"

"सांग की. तुझीच गाडी हाय."

"तिथं दौंडात लोकांपुढं काय वाचायचं ते वाच. जेजुरीचा मुक्काम वाच, घाटाखालचा वाच. अकरावा तेवढा नको."

आजीनं पदर सारखा केला आणि बाहेर बघत राहिली. रस्त्याकडेच्या रानात कुणाची तरी मेंढरं बसवली होती. गाडी पुढं जाईपर्यंत तिची मान त्या बाजूला वळत गेली. "रान चांगलं खतावंल त्याचं," एवढंच ती म्हणाली.

हो नाही काहीच नाही. आजीचं हे असं बोलणं सुषमा लहानपणापासून ऐकत आली होती. त्याचा अर्थ, निर्णय झाला आहे पण तो तुम्हाला कळायची वेळ आली नाही.

'आमचे चोवीस मुक्काम' हे पुस्तक सगुणाबाई हरिबा गोफणे यांनी लिहिलं यावर वस्तीवर अजून निम्म्या लोकांचा विश्वास नव्हता. लोकांचं म्हणणं, म्हातारी बोलली असेल आणि बीएस्सी झालेल्या नातीनं लिहून काढलं असेल. खरं काय ते सुषमाला माहीत होतं. त्र्याण्णव साली साक्षरतेच्या वर्गात आजी अक्षरं शिकली तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. पुढं सुषमा कॉलेजात गेली आणि तिच्या वनस्पतीशास्त्राच्या जुन्या जर्नलांची रद्दी घरात साठू लागली. त्या कागदांची एक बाजू कोरी असते. पुढच्या बाजूला सुषमानं काढलेला जास्वंदीचा छेद, मागच्या बाजूला आजीचा एक मुक्काम, असं तीन वर्षं चाललं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. सुषमानं फक्त टाइप केलं, आणि गवतांची नावं पडताळून पाहिली. एकही चुकलं नव्हतं.

अडलं ते अकराव्या मुक्कामाशी.

धनगराची सही त्याच्या मेंढराच्या कानावर असते. प्रत्येक घराण्याची कान कापायची रीत वेगळी. गोफण्यांची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक उडवलेलं. नदी ओलांडायच्या आधी नव्या कोकरांचे कान करायचे, म्हणजे नदी उतरताना दोन कळप एकमेकांत घुसले तरी कुणाचं कोण ते कळतं. आणि एकदा केलेला कान पुन्हा करायचा नाही. दुसऱ्याच्या कोकराला आपली खूण करणं ही चोरी, त्याला पंचांपुढे उत्तर नाही. आजीनं लिहिलं होतं की बहात्तरच्या दुष्काळात दौंडच्या मुक्कामावर तिनं सात कोकरांना गोफण्यांची खूण केली आणि ती कोकरं बन्सी नावाच्या दुसऱ्या मेंढक्याची होती.

"इरोधकांच्या हातात कोलीत देताय," लोकांकडून हे कानावर आल्यावर आबा परवा म्हणाले होते. "कोकरंचोर म्हणून बोर्ड लावतील चौकात." त्यात खोटं काही नव्हतं. पण निवडणुकीच्या भीतीनं कापावा त्यापेक्षा आबांचा आवाज जास्त कापत होता, आणि हे सुषमानं टिपून ठेवलं होतं. दुसरी एक गोष्ट तिनं आधीच टिपली होती. अकराव्या मुक्कामाच्या मूळ कागदावर दोन ओळी खोडलेल्या होत्या. सबंध हस्तलिखितात आजीनं दुसरीकडे कुठंही काही खोडलं नव्हतं. विचारलं तेव्हा आजी म्हणाली, "ते माझं न्हाई. ज्याचं त्यानं सांगावं."

*

दौंड स्टेशनाच्या समोरच्या बोळात 'मुसाफिर पुस्तक भांडार' होतं. मालक अयुबभाई. त्यांचे वडील फलाटावर प्रवाशांनी वाचून टाकलेली मासिकं गोळा करून निम्म्या किमतीत विकायचे, तिथून हे दुकान उभं राहिलं. पुढच्या भागात गाईडं, वह्या आणि रेल्वे भरतीचे फॉर्म, कारण पोट त्यावर चालायचं. आतल्या खोलीत मात्र छतापर्यंत कपाटं होती आणि तिथं अयुबभाई आपल्या आवडीचं ठेवायचे, मग ते विको न विको. आज त्या खोलीत मांडववाल्याकडून आणलेल्या तीस खुर्च्या होत्या. रेल्वे कॉलनीतल्या बायका, दोन शिक्षक, कॉलेजची काही मुलं, नि मागच्या ओळीत टोपीवाले शेतकरी.

"या मावशी," अयुबभाईंनी आजीची पिशवी घ्यायला हात पुढं केला. आजीनं दिली नाही.

"माजं पुस्तक कुठं बसवलंय?" तिनं विचारलं.

अयुबभाई थोडे ओशाळले. त्यांनी तिला कोपऱ्यातल्या कपाटाकडे नेलं. कपाटावर पाटी होती, 'शेळी-मेंढी व कुक्कुटपालन'. गावरान कोंबडीचे आजार आणि बंदिस्त शेळीपालन यांच्यामध्ये 'आमचे चोवीस मुक्काम' च्या प्रती उभ्या होत्या.

सुषमाला ते झोंबलं. ती म्हणाली की हे आत्मचरित्र आहे, हे इथं नाही, तिकडं पाहिजे, काचेच्या कपाटात. अयुबभाई म्हणाले, "बेटा, आधी तिकडंच ठेवलं होतं. दोन महिने कुणी हात लावला नाही. हितं आणलं, तर बावीस गेली. शेळीचं पुस्तक घ्यायला येतात आन् चाळता चाळता हेच घेऊन जातात."

आबांचा चेहरा पहिल्यांदा सैलावला. मेंढीपालनाचं पुस्तक म्हटलं की निवडणुकीला धोका नाही. "बराबर ठेवलंय," ते म्हणाले. "म्हाईतीचं पुस्तक हाय ते."

आजीनं एका प्रतीच्या पाठीवरून हात फिरवला. "राहू द्या हितंच. मेंढरात मेंढरू शोभतं."

मग सगळे बसायला गेले तसं अयुबभाईंनी सुषमाला काउंटरपाशी थांबवलं आणि आवाज खाली आणला. गेल्या आठवड्यात एक माणूस आला होता, म्हणे. उरलेल्या सगळ्या प्रती एकदम द्या म्हणाला. काय करणार विचारलं तर सांगेना. अयुबभाईंनी नाही म्हणून सांगितलं. एका माणसाला एकच, वाचायची असेल तर. त्यानं जाताना, विचार बदलला तर फोन करा, म्हणून चिठ्ठीवर नंबर दिला होता.

सुषमानं चिठ्ठी पाहिली. तो आबांच्या घरचा नंबर होता.

ती गेली आणि वडिलांच्या शेजारी बसून तिनं ती चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. संपत शिक्रापूरच्या कारखान्यात पंधरा वर्षं शिफ्टवर होते. थोरल्या भावापुढे ब्र काढायची त्यांना सवय नव्हती. भावानंच त्यांना शिकवलं होतं आणि भावानंच नोकरीला चिकटवलं होतं. गाडीत ते गप्प बसले होते ते आबांच्या बाजूनं, हे सुषमाला कळत होतं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग उठले आणि पहिल्या ओळीत आईच्या शेजारची खुर्ची ओढून तिथं जाऊन बसले.

"अजून एक पाहुणे यायचेत," अयुबभाई सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कॉलनीतले बन्सीमामा. त्यांनी शेळीच्या कपाटातूनच पुस्तक नेलं. पाठीमागच्या चित्रांत त्यांना त्यांच्या घराची खूण सापडली. येतो म्हणालेत."

पुस्तकाच्या शेवटी आजीनं आलेखाच्या कागदावर चौदा घराण्यांचे कान काढले होते. सुषमानंच हट्ट धरून ते छापायला लावले होते. पुस्तकातला बन्सी तिच्यासाठी तोपर्यंत नुसतं नाव होतं. त्याला कॉलनीत क्वार्टर असेल, त्याच्या घरी शेळ्या असतील, तो पुस्तकाच्या दुकानात येत असेल, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आबा उठून संपतपाशी आले आणि वाकून कुजबुजले, "आयेला घेऊन गाडीत चल. बीपी वाढलं म्हणून सांग."

"वाढलं असंल तर माझं वाढलंय," संपत म्हणाले. "आये बरी हाय."

आबा भावाकडे बघतच राहिले. मग बायकोकडे वळले. सोजरबाई तिसऱ्या खुर्चीवर पाय सोडून आरामात बसल्या होत्या. "मी ही पैठणी नेसून आले ती काय दौंडापातूर येऊन माघारी फिराया?" त्या म्हणाल्या. "सासूचं पुस्तक छापून आलंय माझ्या. तुमचं नाव अजून मतपत्रिकेवर बी न्हाई आलं."

आबा भिंतीला टेकून उभे राहिले. आणि तेवढ्यात बन्सी आले.

उंच, वाळकं शरीर, अंगात रेल्वेचा निळा स्वेटर, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. नमस्कार केला नाही, कुणाकडं पाहिलं नाही. सरळ शेवटच्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले आणि पुस्तक मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही तळहात ठेवले.

एकतीस वर्षांनी आजी त्यांना बघत होती. तिनं त्यांना ओळखलं तो क्षण सुषमाला दिसला, कारण पिशवीचे बंद तिच्या मुठीतून सुटले. तिनं पुस्तक काढलं. अयुबभाईंनी दोन वाक्यांत ओळख करून दिली. जेजुरीच्या मुक्कामापाशी कागदाची पट्टी पुस्तकातून डोकावत होती, ती आबांनीच कुणाकडून तरी घालून घेतली होती. आजीनं ती पट्टी काढली, घडी करून चोळीत खोचली आणि पानं उलटायला लागली. तिला अजून बोट ठेवूनच वाचावं लागायचं. बोट जाऊन अकराव्या मुक्कामावर थांबलं.

"'दुष्काळात आया मेल्या,'" तिनं वाचायला सुरुवात केली. "'मेंढरांच्या आया. त्यामुळं पोरकी कोकरं लई झाली. पोरकं कोकरू कुणाच्याही मागं जातं. दौंडला इंजानं ठेवायच्या जागेपाशी दोन वाडे, म्हंजी धनगरांचे तळ, शेजारी शेजारी पडले, आमचा आन् बन्सीच्या बापाचा. बन्सीकडं सात पोरकी होती. फडक्यानं पाणी पाजून त्यानं ती जगवली होती. दुसऱ्या दिशी नदी ओलांडायची होती म्हणून मी कान करायला बसले. कोकरू मांडीत आलं की कापायचं, आलं की कापायचं. मी बघितलं न्हाई. सकाळी पल्याड गेल्यावर मालकांनी मोजलं तर सात जास्त.

'मालक म्हणाले, आता गप. कापलेला कान जुळत न्हाई. मी म्हटलं, जाऊन सांगू. ते म्हणाले, पंच वाळीत टाकतील, पोरं लहान हायेत. मी गप बसले. पुढं कळलं की बन्सीच्या बापानं त्याला घरातनं काढलं. तू झोपलास आन् लांडग्यानं नेली, म्हणाला. लांडगा न्हवता. ती मी होते.'"

आजीनं पुस्तक मिटलं. वाचताना तिचा आवाज कुठं अडखळला नव्हता, पण आता तिला काय करायचं ते सुचत नव्हतं. तिनं पुस्तक उपडं ठेवलं, पुन्हा सरळ ठेवलं.

बन्सी उठले.

"वैनी," ते म्हणाले, "माझं नाव काय हाय ठावं हाय का तुमाला? बन्सी न्हवं. गावाकडं मला झोप्या म्हणत्यात. बाप मरंस्तोवर म्हणला. भावाची पोरं झोप्याकाका म्हणत्यात. गँगमन झालो, तीस वर्षं रुळावर रात्रपाळी केली, एका रात्री डोळा लावला न्हाई. तरी गावात गेलो की झोप्या आला." त्यांनी पुस्तकावरचं वर्तमानपत्र काढलं. "मी सांगत होतो लांडगा आला न्हवता. कुणी ऐकलं न्हाई. आता छापलंय."

मागच्या टोपीवाल्यांतून कुणीतरी हुंकार भरला.

"आन् कोकरांचं म्हणाल, तर घरातनं काढलं म्हणून रेल्वेत लागलो. आज घरबसल्या पेन्शन येती. भाऊ अजून मेंढरामागं उन्हात फिरतोय. सात कोकरांत हे महाग पडलं न्हाई मला."

लोक हसले. आजी हसली नाही, पण तिचे खांदे सैल पडले. सुषमाला वाटलं, झालं, निभावलं. बन्सी मात्र बसले नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि अकरावा मुक्काम उघडला. पान दुमडून ठेवलेलं होतं.

"पर एक जमत न्हाई हितं. 'मी बघितलं न्हाई,' असं लिवलंय. वैनी, तवा सूर्य मावळला न्हवता. आन् तुमी न बघता कान करनाऱ्या बाई न्हाई. सगळ्या वाड्यांत तुमचा हात नावाजलेला. तुमच्या मांडीत परकं कोकरू आलं कसं?"

टाइप करताना सुषमाला हाच प्रश्न पडला होता. हाच, याच ठिकाणी. खोडलेल्या दोन ओळी इथंच होत्या.

आजी खाली मान घालून म्हणाली, "ते माझं न्हाई सांगायचं."

"मग कुणाचं?"

भिंतीकडं तिनं पाहिलंही नाही. पण सुषमानं पाहिलं. आबांच्या कडक सदऱ्याची पाठ भिंतीवरून सुटली होती.

"माझं," आबा म्हणाले.

सभेत बोलायची सवय असलेला माणूस, पण आवाज बारा वर्षांच्या पोराचा निघाला. ते दोन खुर्च्यांच्या मधल्या वाटेत येऊन उभे राहिले.

"कोकरं मी आणून देत होतो आयेला. एकेक उचलून. आमची पोरकी जाळीत होती, ती राखायचं काम माझं. तवा शेडमधी ते गोल टेबल होतं. त्याच्यावर इंजान चढवून फिरवत्यात म्हणून कळलं आन् मी जाळी सोडून पळालो. माघारी आलो तर जाळी आडवी आन् कोकरं मिसळलेली. कुठली आपली ते मला कळंना. मार बसंल म्हणून अंदाजानं उचलीत गेलो. आयेनं हर कोकराला विचारलं, आपलंच ना रं? मी म्हटलं, व्हय."

एवढं बोलून ते आईकडं वळले. "मला वाटलं तू लिवलं असशील. म्हणून म्या पुस्तक उघडलंच न्हाई."

बाजार समितीचा उमेदवार, आणि त्यानं आपल्या आईचं पुस्तक भीतीनं उघडलं नव्हतं. चिठ्ठीवरचा नंबर, कडक इस्त्री, जेजुरीची पट्टी, सगळ्याला एकाच वेळी अर्थ आला. सोजरबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं, जसं लग्नानंतर पंचवीस वर्षांनी तो पहिल्यांदाच घरी आला आहे.

बन्सी खुर्च्यांतून वाट काढत पुढं आले. आबांच्या समोर थांबले. ते आबांपेक्षा हातभर उंच होते.

"इंजान बघाया गेला व्हतास?"

"व्हय."

"कोनतं?"

आबांना हा प्रश्न कळला नाही. "मोठं व्हतं. काळं. पुढं लाल पट्टा. चार माणसं दांड्यानं ढकलीत व्हती."

"चार न्हवं, सहा," बन्सी म्हणाले. "पल्याडच्या अंगाला दोन व्हती, ती तुला दिसली नसतील. मी त्याच बाजूला उभा व्हतो."

पहिल्यांदा कुणाला काही उमगलं नाही. मग सोजरबाईंना उमगलं आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

"झोपलो न्हवतो, हे खरं," बन्सी म्हणाले. "पर कोकरांपाशी व्हतो असं मी कुठं म्हणलं? बापाला काय सांगू, इंजान बघत व्हतो? त्यानं दांडक्यानं हाणलं असतं. झोपला म्हणाला ते परवडलं." आणि मग त्यांना हसू आवरेना. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी आबांच्या खांद्यावर हात टाकला तो आधारासाठी की आणखी कशासाठी ते सांगता येत नव्हतं. आबाही हसायला लागले. तीस माणसं हसत होती आणि अयुबभाई, जे स्वतः त्याच शेडच्या भिंतीवर चढून लहानपणी ते टेबल बघायचे, ते सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

आजी एकटी गंभीर होती. "म्हंजी माझ्या कोकरांकडं कुणाचंच ध्यान न्हवतं," ती म्हणाली. "आन् मी एकतीस वर्सं एकटीच जागी."

त्यावर मात्र ती स्वतःच हसली.

सुषमानं पर्समधून पेन काढून आपल्या प्रतीच्या समासात लिहिलं: दुसऱ्या आवृत्तीत दोन ओळी वाढवणे, आबांच्या तोंडून, माणसं सहा, चार नव्हे. मग खाली रेघ मारली.

*

बन्सीनं आपलं पुस्तक आजीपुढं ठेवलं. "सही करा, वैनी. भावाला नेऊन दाखवायचंय."

आजीनं पेन घेतलं. सही तिला यायची, पण 'सगुणाबाई हरिबा गोफणे' एवढं लिहायला तिला चांगला वेळ लागायचा. पेन कागदावर टेकवून ती थांबली. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि अयुबभाईंना विचारलं, "कात्री हाय का दुकानात?"

वह्यांना कव्हरं घालायची मोठी कात्री होती. आजीनं बन्सीच्या पुस्तकाचं पहिलं कोरं पान उलटवून एकटं धरलं, पानाचा डावा कोपरा दोन बोटांत घेतला, कोकराचा कान धरावा तसा, आणि खालच्या अंगानं दोन खाचा मारल्या. कच्, कच्. झालं. बन्सीच्या घराची खूण. चित्रात होती तशीच, अंतरसुद्धा तेवढंच.

"आता बराबर कापला," ती म्हणाली.

बन्सीनं त्या खाचांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग पुस्तक मिटून पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं, या वेळी दोन पदरी.

त्यानंतर पेनाची सही कुणालाच नको होती. कोपऱ्यातलं शेळी-मेंढीचं कपाट दहा मिनिटांत रिकामं झालं. टोपीवाल्यांतले दोघे धनगर निघाले. त्यांना आपापल्या घराची खूण पाहिजे होती. ज्यांच्या घराण्याला खूणच नव्हती, त्या कॉलनीतल्या बायका, शिक्षक, पोरं, त्यांना आजीनं गोफण्यांची खूण दिली. रेल्वे कॉलनीतल्या एक बाई कोपरा कापलेलं पान उजेडाला धरून बघत म्हणाल्या, म्हणजे आता आम्ही तुमच्या कळपातले. आजी म्हणाली, "हरवलात तर कुणीतरी आणून सोडंल." अयुबभाईंनी आपल्या स्वतःच्या प्रतीला खूण करून घेतली आणि ती काचेच्या कपाटात, सगळ्यांत वरच्या फळीवर, मधोमध ठेवली.

गर्दी वाढली तसा गोंधळ व्हायला लागला. कुणाचं पुस्तक कुणाकडं जाऊ लागलं. तेव्हा आबांनी बाह्या दुमडल्या. आईच्या उजव्या हाताला ते जमिनीवर बसले, इस्त्रीचा विचार न करता, आणि लोकांकडून एकेक पुस्तक घेऊन तिच्या मांडीत द्यायला लागले. पण द्यायच्या आधी दर वेळी मान वर करून, माणसाच्या तोंडाकडं नीट बघून विचारत होते:

"कुणाचं? नाव सांगा. खूण कोणती?"

उत्तर आलं की ते आईला सांगत, आणि मगच पुस्तक तिच्या हातात जात होतं. तरी आजी प्रत्येक वेळी कात्री उघडून विचारत होतीच, "ह्येचंच ना रं?"

"ह्येचंच, आये. बघितलंय."

कच्.

समोर स्टेशनात कुठलीशी गाडी लागली. इंजिनानं लांब, जाड शिटी दिली, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि खोलीतल्या सगळ्यांच्या माना बोळाकडं वळल्या. बन्सीचीसुद्धा वळली. सुषमानं पाहिलं, एकट्या आबांची वळली नाही. त्यांनी पुढचं पुस्तक दोन्ही हातांत घेतलं होतं आणि ते विचारत होते, "कुणाचं?"